अमेरिकेतल्या शाळेत ‘स्टँडर्ड’ म्हणजे इयत्ता नव्हे : नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

दर ऑगस्टमध्ये आमच्या मराठी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक तरी संदेश येतोच : “ताई, थर्ड स्टँडर्डची पुस्तकं इथे कुठे मिळतील?” विचारणारी आई महिन्याभरापूर्वी पुण्याहून नाहीतर नाशिकहून आलेली असते. वह्या आणि खाकी कव्हरं बॅगेतून घेऊनच आलेली असते. तिला सांगावं लागतं की इथे इयत्तेला ‘ग्रेड’ म्हणतात, ‘स्टँडर्ड’ ही निराळीच चीज आहे, आणि पुस्तकं बहुधा मिळणारच नाहीत. दुकानात नाहीत आणि शाळेतूनही नाहीत. ‘पब्लिक स्कूल’चाही अर्थ इथे उलटा. आपल्याकडे त्या नावाच्या शाळेची फी ऐकून घाम फुटतो, इथे ती सरकारी आणि फुकट.

मी अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे. दोन मुलं याच शाळांमधून वर सरकली. पहिलं वर्ष मी पुस्तक शोधण्यात घालवलं. ते शोधणं सोडल्यावर शाळा कळायला लागली. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट : ठरवतं कोण?

आपल्या डोक्यात बालभारती असते. एक मंडळ, एक पुस्तक, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत तोच धडा. अमेरिकेत असं मंडळ नाही. केंद्र सरकारने अभ्यासक्रम ठरवायला कायद्याचीच मनाई आहे. प्रत्येक राज्य स्वतःची ‘स्टँडर्ड्स’ ठरवतं, म्हणजे अमुक ग्रेड संपताना मुलाला काय काय यायला हवं त्याची यादी. ती यादी कुठल्या साहित्यातून शिकवायची हे गावचं ‘डिस्ट्रिक्ट’ ठरवतं (आपला जिल्हा नव्हे, तिथल्या शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा). देशभरात अशी सुमारे तेरा हजार डिस्ट्रिक्ट आहेत. आणि उद्या सकाळी नऊ वाजता वर्गात नेमकं काय करायचं, हे बऱ्याच अंशी बाई ठरवतात.

म्हणजे काय यायला हवं हे राज्याकडे, कशातून शिकवायचं हे डिस्ट्रिक्टकडे, कसं हे बाईंकडे. कुठला प्रश्न कोणाला विचारायचा हे एवढ्यावरून कळतं. “तिसरीत भागाकाराची उभी मांडणी का नाही?” हे बाईंना विचारून उपयोग नाही, ते त्यांच्या हातात नसतं. “माझ्या मुलाला भागाकाराची जास्त उदाहरणं द्याल का?” हे मात्र त्यांच्या हातात असतं.

घर घेण्याआधी पत्ता तपासा

शाळा पत्त्यावर ठरते. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा आणि त्या बाजूला दुसरी, असंही होतं. अपार्टमेंटच्या भाडेकरारावर सही करण्यापूर्वी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर तो पत्ता घालून शाळा पाहून घ्या. घर दाखवणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. घर शोधायच्या संकेतस्थळांवर शाळांना दहापैकी गुण दिलेले असतात, आणि नऊ गुणांची शाळा हवी म्हणून आपले लोक दुप्पट भाडं भरतात. त्या गुणांमध्ये बराचसा हिशोब राज्याच्या परीक्षेतल्या निकालांचा असतो, आणि ते निकाल शिकवण्याइतकेच त्या भागातल्या घरांच्या मिळकतीचेही असतात. मी साध्या शाळेतले उत्तम शिक्षक पाहिलेत आणि नऊ गुणांच्या शाळेतले कंटाळलेलेही.

नावनोंदणीचे कागद

लागतं ते एवढं : मुलाच्या वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा (भाडेकरार आणि विजेचं बिल) आणि लसीकरणाची नोंद. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर निघण्यापूर्वीच त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. व्हिसा कुठला, यावरूनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात तसा निकाल दिला आहे.

खरी अडचण लसींची होते. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस असते. इथे त्यात गालगुंडाचीही धरून एमएमआर मागतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, इथे लागते. काही ठिकाणी क्षयाची चाचणीही मागतात. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांकडे रक्तचाचणीचं विचारा. लसी भारतातच घेऊन टाकल्या तर प्रवेशाचे दोन आठवडे वाचतात.

ग्रेड बहुतेक ठिकाणी वयावरून देतात. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला पाच पूर्ण असलं तर किंडरगार्टन, सहा असलं तर पहिली. न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबर धरतात. “आमची तिकडे दुसरी झाली आहे, तिला चौथीत घ्या” असा आग्रह धरणारे आईबाबा दरवर्षी भेटतात. गणितात ती मुलगी निभावेल. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या घोळक्यात, परक्या भाषेत, जेवणाच्या सुट्टीत ती कोणाशेजारी बसेल याचा विचार करा.

घरातल्या भाषेचा फॉर्म

नावनोंदणीच्या कागदांत एक छोटा फॉर्म असतो : घरी कुठली भाषा बोलता? मूल पहिल्यांदा कुठल्या भाषेत बोललं? आपल्याकडे कुजबूज असते की “इंग्लिशच लिहा, नाहीतर वेगळ्या वर्गात टाकतात.” तसं करू नका. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, एवढंच. ती बरीच राज्यं ‘विडा’ या संस्थेची वापरतात, कॅलिफोर्नियाची स्वतःची वेगळी आहे. चाचणीत उत्तीर्ण झालं तर विषय संपला. नाही झालं तर रोज थोडा वेळ प्रशिक्षित शिक्षिका छोट्या गटात इंग्रजी शिकवते, तेही फुकट. ती मदत नको असेल तर लेखी नकार देता येतो, पण मग दरवर्षीची चाचणी मात्र चुकत नाही. ही मदत म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत. ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या १९७४ च्या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी ती लढून मिळवली आहे.

इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुलंही या चाचणीत कधी कधी अडकतात. वाचन-लेखन चोख असतं, पण समोरच्याने चित्र दाखवून “सांग बरं, इथे काय चाललंय?” विचारलं की एका वाक्यात गप्प होतात. मनाला लावून घेऊ नका. माझा मुलगा आठ महिने त्या गटात होता. त्याचा पहिला मित्र त्याला तिथेच मिळाला, तो ब्राझीलचा.

आपल्या राज्याची यादी शोधा

आता मुख्य काम. राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर जा आणि आपल्या ग्रेडची स्टँडर्ड्स उतरवून घ्या. पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. जून २०१० मध्ये राज्यांच्या गव्हर्नरांच्या आणि शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी मिळून गणित आणि इंग्रजीसाठी ‘कॉमन कोअर’ नावाची सामाईक यादी काढली. चाळीसहून अधिक राज्यांनी ती घेतली. टेक्सास आणि व्हर्जिनियाने कधीच घेतली नाही. पुढे राजकारण तापलं आणि बऱ्याच राज्यांनी थोडीफार डागडुजी करून पाटी बदलली. फ्लोरिडाने २०२० मध्ये आपली नवी यादी आणली. आमच्या न्यू जर्सीत नाव बदललं, पण आतलं बरंचसं तेच आहे. त्यामुळे टेक्सासात, डॅलसला राहणाऱ्या मावशीचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये लागू पडेलच असं नाही.

यादीत प्रत्येक ओळीला एक कोड असतो. उदाहरणार्थ ४.एनबीटी.बी.५. घाबरू नका. पहिला चार म्हणजे चौथी ग्रेड. ‘एनबीटी’ म्हणजे दशमान पद्धतीतल्या संख्या आणि क्रिया. ‘बी’ हा त्यातला उपगट आणि पाच ही ओळ. मुलाच्या वर्कशीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात हाच कोड छापलेला असतो. तो शोधून यादीत पाहिला की त्या कागदावर नेमकं काय तपासायचं होतं ते कळतं. मला हे दुसऱ्या वर्षी उमगलं. तोवर मी फक्त उत्तर बरोबर आहे का ते बघत होते.

गणित : हातचा कुठे गेला?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. मूल ३८ अधिक ४७ करताना एकाखाली एक मांडत नाही. तीस आणि चाळीस सत्तर, आठ आणि सात पंधरा, मिळून पंच्याऐंशी, असं लिहितं. बाबा म्हणतात, “हा काय द्राविडी प्राणायाम? आठ नि सात पंधरा, पाच मांड, हातचा एक.” मूल रडकुंडीला येतं : “बाईंनी असं शिकवलं नाही!”

बाई बरोबर आहेत, आणि बाबांची रीतही चूक नाही. फक्त तिची पाळी अजून यायची आहे. कॉमन कोअरच्या यादीत हातच्याची उभी मांडणी सफाईने येण्याची अपेक्षा बेरीज-वजाबाकीसाठी चौथीत आहे, गुणाकारासाठी पाचवीत आणि भागाकारासाठी सहावीत. तोवर संख्या फोडून, स्थानिक किंमत वापरून करायचं असतं. चौथीत ३६ गुणिले २४ साठी मूल चौकट आखतं. एका बाजूला ३० आणि ६, दुसऱ्या बाजूला २० आणि ४. चार खणांत ६००, १२०, १२० आणि २४. बेरीज ८६४. आपली उभी मांडणी करते तेही हेच, फक्त पोटात लपवून. दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली का मारायची, हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत असताना माहीत होतं? मला नव्हतं. (टेक्सासच्या यादीत गुणाकाराची ही उभी रीत चौथीतच आहे. म्हणूनच म्हटलं, आधी आपलं राज्य बघा.)

आणि हसण्याआधी आपला २०१९ चा जून आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! संख्या उच्चारताना तिची फोड मुलाला ऐकू यावी, असाच त्यामागचा विचार होता. आईबाबांना स्वतःची रीत बदललेली खपत नाही, मग ते सांगलीचे असोत की सॅक्रामेंटोचे.

घरी काय करायचं? बाईंची रीत मोडू नका. मुलालाच म्हणा, “मला शिकव.” समजावून सांगणं हा इथे अभ्यासाचाच भाग आहे. यादीत ‘गणिती सवयी’ म्हणून आठ गोष्टी वेगळ्या दिल्या आहेत, आणि आपलं म्हणणं कारणासह मांडणं व दुसऱ्याचं तपासणं ही त्यातलीच एक. म्हणून नुसतं उत्तर लिहिलेल्या आपल्या हुशार मुलांचे गुण कापले जातात.

पाढे मात्र सोडू नका. तिसरी संपताना एकअंकी संख्यांचे सगळे गुणाकार तोंडपाठ हवेत, असं कॉमन कोअरमध्येही स्पष्ट लिहिलं आहे. पण कित्येक वर्गांत त्यासाठी पुरेसा सराव होत नाही, असं माझं ठाम मत आहे. गाडीतून जाता-येता बे एके बे म्हणत राहा. मराठीत पाठ झालेले पाढे इंग्रजी वर्गात मनातल्या मनात चालतात.

वाचन-लेखन : ‘पुरावा कुठे आहे?’

आपल्याकडे धड्याखालचे प्रश्न, त्यांची धड्यातलीच वाक्यं उत्तर म्हणून, आणि अडलं तर गाईड. इथे धड्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर वरच्या ग्रेडमध्ये त्याला चोरी म्हणतात. उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यायचं आणि त्याला मजकुरातला आधार दाखवायचा. हे पहिल्या काही वर्षांपासूनच सुरू होतं. ‘बेडकाला राग आला होता असं तुला का वाटलं? गोष्टीत कुठे दिसतं?’ एवढं रोज रात्री गोष्ट वाचून झाल्यावर मराठीत विचारलं तरी चालतं. सवय तीच असते.

लेखनाचे तीन प्रकार लहानपणापासून येतात : मत मांडणं, माहिती देणं, गोष्ट सांगणं. मत मांडताना आपली मुलं अडखळतात, कारण घरात त्यांना मत विचारायची आपल्याला सवय नसते. ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध पाठ करून गेलेल्या मुलीला बाईंनी विचारलं, “पण तुला खरंच ससा आवडतो का?” ती म्हणाली, “नाही, पण निबंध सशाचा आहे.”

वाचनाच्या पद्धतीबद्दल या देशात गेली काही वर्षं मोठा वाद चालू आहे. चित्र बघून, संदर्भावरून शब्द ओळखायला लावणाऱ्या पद्धती मागे पडत आहेत आणि अक्षर-ध्वनीचं पद्धतशीर शिक्षण परत येतं आहे. मिसिसिपी राज्याने २०१३ मध्ये कायदा करून यात पुढाकार घेतला. तुमचं मूल किंडरगार्टन ते दुसरीत असेल तर बाईंना एवढंच विचारा : “ध्वनी आणि अक्षरं रोज ठरलेल्या क्रमाने शिकवता का?” उत्तर गुळमुळीत आलं तर घरी स्वतः बसा. बाराखडी शिकलेल्या आईला हे अवघड नाही.

वर्ग बघून दचकू नका

फळ्यासमोर रांगेत बाकं नसतात. मुलं गालिच्यावर बसलेली असतात, कोणी कोपऱ्यात आडवं पडून वाचत असतं. “नुसती खेळतात,” असं आजी व्हिडिओ कॉलवर म्हणणारच. आत काय चालतं ते असं : बाई दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांना शिकवतात, मग मुलं गटागटाने वेगवेगळी कामं करतात आणि त्या वेळात बाई चार-पाच जणांना घेऊन अर्धगोल टेबलाशी बसतात. खरं शिकवणं तिथे होतं. तास संपताना एक छोटी चिठ्ठी भरून द्यायची असते, एखादंच उदाहरण. तिला ‘एक्झिट टिकट’ म्हणतात. तिला गुण नसतात. उद्या त्या टेबलाशी कोणाला बोलवायचं हे बाई त्यावरून ठरवतात.

मुलाला दोन गोष्टी आधीच सांगा. बाईंना ‘टीचर’ म्हणायचं नाही, ‘मिसेस’ किंवा ‘मिस्टर’ लावून आडनावाने हाक मारायची. आणि शंका आली की हात वर करायचा. आपण ज्याला शहाणं, गुणी मूल म्हणतो, त्याला इथे ‘बोलत नाही, समजतंय की नाही कळत नाही’ असा शेरा मिळतो.

रिपोर्ट कार्डातला ३

प्राथमिक शाळेत बहुतेक ठिकाणी टक्के नसतात, क्रमांक नसतो. प्रत्येक स्टँडर्डपुढे १ ते ४ मधला आकडा असतो. पहिल्या कार्डावर सगळीकडे ३ पाहून मी हिशोब केला : चारात तीन, पंच्याहत्तर टक्के. रात्री झोप नाही. नंतर कळलं की ३ म्हणजे त्या ग्रेडला जे यायला हवं ते पूर्ण येतं. ४ म्हणजे त्याच्या पुढचं येतं, आणि काही शाळा तो क्वचितच देतात. नोव्हेंबरच्या कार्डावर २ असणंही स्वाभाविक असतं, कारण काही ठिकाणी अपेक्षा वर्षअखेरची धरलेली असते. आपल्या शाळेत कसं आहे ते कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आधी ते वाचा, मग मुलाला बोला.

तिसरी ते आठवी दरवर्षी वसंतात राज्याची वाचन-गणिताची परीक्षा होते. ही मात्र २०१५ च्या केंद्रीय कायद्याने सगळ्यांना बंधनकारक आहे. त्यासाठी शिकवणी लावू नका. तो निकाल मुख्यतः शाळेला जोखण्यासाठी असतो. काही राज्यांत तिसरीच्या वाचनावर चौथीत जाणं अवलंबून असतं, तेवढं आपल्या राज्यापुरतं तपासा.

बाईंची पंधरा मिनिटं

शरद ऋतूत प्रत्येक पालकाला बाईंबरोबर स्वतंत्र वेळ मिळतो, बहुधा पंधरा-वीस मिनिटं. आपण जातो, “कसा आहे?” विचारतो, त्या म्हणतात “ही इज अ जॉय टु हॅव इन क्लास”, आपण खूश होऊन परततो. हाती काही लागत नाही. त्याऐवजी मुलाच्या दोन कागदांवरचे कोड लिहून न्या आणि विचारा : या ओळीत तो नेमका कुठे अडतो? या ग्रेडला ‘३’ मिळवणाऱ्या मुलाचं काम दाखवाल का? गटात तो बोलतो का? मी घरी एकच गोष्ट करायची तर कुठली करू? इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर आठवडाभर आधी ऑफिसला सांगून दुभाषा मागा. तो फुकट देणं शाळेवर बंधनकारक आहे, आणि मराठी दुभाषे फोनवर मिळतात. मुलालाच दुभाषा करू नका. तो त्याला सोयीचं तेवढंच भाषांतर करतो.

मूल खरंच मागे पडत असेल तर

वाट पाहू नका आणि नुसतं तोंडी बोलू नका. मुख्याध्यापकांना तारीख घातलेला ईमेल पाठवा : माझ्या मुलाचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करावं अशी विनंती आहे. हे मूल्यमापन फुकट असतं. लेखी विनंती आली की त्यांना ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावं लागतं. पात्र ठरलं तर मुलासाठी ‘आयईपी’ नावाची लेखी योजना बनते, आणि ती ठरवणाऱ्या बैठकीत तुमची खुर्ची कायद्यानेच असते. आपल्या लोकांत याची फार लाज असते. “शिक्का बसेल.” माझ्या ओळखीच्या एका घरात या भीतीपायी दोन वर्षं गेली. मुलाला डिस्लेक्सिया होता आणि तो आळशी आहे असं सगळे समजत होते. मुलाची शाळेतली नोंद पाहण्याचा हक्क तुम्हाला १९७४ पासूनच्या कायद्याने आहे. ती बाहेर कोणालाही दाखवायची तर काही ठरलेले अपवाद वगळता शाळेला तुमची लेखी परवानगी लागते.

पाचवीनंतर

मिडल स्कूलमध्ये गणिताच्या वाटा फुटतात. कोणी आठवीत अल्जिब्रा घेतं, कोणी नववीत. ही विभागणी कुठल्या वर्षी आणि कशावरून होते हे पाचवीतच विचारून ठेवा, नंतर गाडी बदलणं कठीण जातं. बाकी हायस्कूलचा पसारा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एक मात्र आतापासून करता येईल. बहुतेक राज्यांत बारावीच्या प्रमाणपत्रावर ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळते, इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा लिहिता-वाचता येते याची खूण. सुरुवात कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्याने केली. त्यासाठी नुसतं बोलणं पुरत नाही, लिहायलाही यावं लागतं. म्हणून रविवारच्या मराठी शाळेला पहिलीतच नाव घाला, आणि तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीसाठी कुठली परीक्षा धरतात ते नववीच्या सुरुवातीला काउन्सेलरला ईमेलने विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, कारण बहुतेक वेळा त्यांना हा प्रश्न विचारणारे पहिले तुम्हीच असता.